मालकांचं पानभर निधन

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अन्सेल्मो बेर्लांगांना कळलं, की आपण काल संध्याकाळी, पवित्र चर्चचे सगळे संस्कार लाभून, शांतपणे वारलो.

ते न्याहरीच्या टेबलावर होते. वाळवलेलं मांस घातलेली अंडी अर्धी खाऊन झाली होती. वर्तमानपत्राचं सातवं पान उघडलं आणि समोर काळ्या जाड चौकटीत त्यांचंच नाव, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग पहिली गोष्ट पाहिली ती ही, की पान उजव्या हाताचं आहे की डाव्या. मोंतेरेयमध्ये सगळ्यांना माहीत आहे, डाव्या पानाचा दर कमी असतो.

उजव्या हाताचं होतं. पूर्ण पान होतं. अन्सेल्मोंनी उरलेली अंडी संपवली.

"तोमासा," त्यांनी हाक मारली, "मी मेलोय."

त्यांची थोरली बहीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तोर्तियाचा तुकडा कॉफीत बुडवत होती. वय त्र्याऐंशी, लग्न नाही. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून ती याच घरात राहत होती.

"कधी?" तिने विचारलं.

"काल. संध्याकाळी."

"तरीच रात्री घोरण्याचा आवाज आला नाही."

नऊ वाजेपर्यंत गोंधळ कसा झाला ते कळलं. मार्चमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी अन्सेल्मो इस्पितळात होते, तेव्हा घरातल्या कोणीतरी दूरदृष्टीने ही निधनवार्ता लिहून, जुळवून वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार ठेवली होती. मालक बरे होऊन आले. वार्ता तशीच खणात राहिली. काल गावात अन्सेल्मो बेर्लांगा नावाचा दुसराच माणूस गेला, बाजारात हरभऱ्याचा व्यापार करणारा, मागेपुढे कोणी नसलेला. कारकुनाने नाव ऐकलं, खण उघडला आणि पान लावून टाकलं.

घरातल्या कोणी लिहून ठेवली, एवढंच कळायचं बाकी होतं. ते कळायला साडेनऊ वाजले, कारण साडेनऊला सगळं घर हजर झालं.

*

एल्विराने येताना काळा पोशाख घातला नव्हता, पण गाडीत ठेवला होता. ती थोरल्या मुलाची, रामिरोची बायको. मार्चमध्ये इस्पितळाच्या बाकावर बसून हा मजकूर तिनेच लिहिला होता. आज छापलेला पाहून तिला भीती वाटली, आणि लपवण्यात काय अर्थ, थोडा अभिमानही वाटला. चौकट फार सुंदर आली होती.

दिवाणखान्यात सासरे आरामखुर्चीत बसले होते. नणंद ओफेलियाने पान हातात धरलं होतं आणि ती मोठ्याने वाचत होती. तिला बोर्डिंगमध्ये वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं आणि त्याची परतफेड घर गेली तीस वर्षं करत होतं.

"'रिकाम्या हातांनी या शहरात पाऊल टाकणारा हा महापुरुष...'"

"रिकामे कुठले?" तोमासाआत्या म्हणाली. "एका हातात मी होते, दुसऱ्या हातात कोंबडी. कोंबडी त्याने स्टेशनवरच विकली."

"आत्या, मध्ये बोलू नकोस. '...क्रांतीच्या धामधुमीतही त्यांनी तत्त्वांशी तडजोड केली नाही.'"

"ते मात्र खरंय. दोन्ही फौजांना भांडी विकली, पण भाव एकच लावला. सकाळी ज्यांना विकली त्यांना दुपारी पळवून लावलं की दुपारच्यांना तीच भांडी पुन्हा विकायची. मेलेल्यांची भांडी गोळा करून आणायला माणूस ठेवला होता."

"पोचे काढून द्यायचो," अन्सेल्मो शांतपणे म्हणाले. "वाच पुढे."

"'अठरा-अठरा तास भट्टीपुढे उभं राहून त्यांनी तो जगप्रसिद्ध निळा रंग आणि त्यावरचे पांढरे ठिपके शोधून काढले. आज देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात...'"

आत्याने कप बशीत ठेवला. इतक्या जोरात, की एल्विरा दचकली.

"तो रंग मी शोधला," आत्या म्हणाली. "मागच्या पडवीत, तीन महिने, भुवया जाळून घेऊन. आणि ठिपके शोधले नाहीत. मला शिंक आली. हातात पांढऱ्याचा ब्रश होता. अख्ख्या मेक्सिकोच्या कॉफीच्या भांड्यांवर माझी शिंक आहे, एल्विरा, आणि तू त्याला महापुरुष म्हणतेस!"

सगळ्यांच्या माना एल्विराकडे वळल्या. आपण लिहिलं हे आत्याला कसं कळलं, असा विचार तिच्या मनात आला. मग लक्षात आलं, 'धामधूम' हा शब्द या घरात दुसरं कोणी वापरत नाही.

"वहिनी!" ओफेलियाने पान छातीशी धरलं. "तू लिहिलंस हे? पप्पा इस्पितळात असताना?"

"डॉक्टर म्हणाले होते, तयारी ठेवा."

"प्रार्थनेची तयारी ठेवा म्हणाले होते! आणि हे काय, शेवटी? 'शोकाकुल: चिरंजीव श्री. रामिरो बेर्लांगा, कंपनीचे नवे अध्यक्ष.' नवे अध्यक्ष! आणि मी कुठे आहे? 'कन्या व जामात.' मला नावसुद्धा नाही!"

"जागा कमी होती, गं."

"पूर्ण पान आहे!"

रामिरो खिडकीपाशी उभा होता. चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, आणि या खोलीत आला की अजूनही हात कुठे ठेवावेत ते न कळणारा. एल्विराने मदतीसाठी त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेरचा डोंगर पाहू लागला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी त्याने तो डोंगर पाहण्यात घालवली होती.

तेवढ्यात फोन वाजला आणि रामिरोने उचलला. वर्तमानपत्राचे व्यवस्थापक होते. माफी मागत होते. उद्या रविवारच्या अंकात ठळक खुलासा छापतो, एक पैसाही न घेता, असं म्हणत होते. रामिरो सांगायला वळला, तोच अन्सेल्मोंनी हात वर केला.

"खुलासा नको."

"म्हणजे, पप्पा?"

"उद्या नको. परवा छापा म्हणावं." म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. डोळे चमकत होते. नवी भट्टी पेटवताना चमकायचे तसे. "अरे, उद्याच्या अंकात शोकसंदेश येतील. काचवाले, पोलादवाले, बियरवाले, झाडून सगळे. कोण पूर्ण पान देतो, कोण अर्धं, कोण पाव. अशी संधी माणसाला जिवंतपणी मिळत नाही. मला बघायचंय."

"पण लोक घरी येतील भेटायला!"

"सांगा, शवपेटी टेक्सासहून यायचीय. तोवर कोणी येऊ नये. पडदे ओढा. दाराला काळं कापड लावा." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आणलंच असशील."

*

जेवणाच्या टेबलावर एफ्राइन शेवटच्या खुर्चीत बसला होता. जावयाची खुर्ची तीच. तो वकील होता आणि या घराण्यात लग्न करून वीस वर्षं झाली तरी अजून कोणत्या बाजूने लढायचं ते रोज सकाळी ठरवत होता. आज सकाळी तो बायकोच्या बाजूने होता, म्हणजे रामिरोच्या विरुद्ध. पण 'नवे अध्यक्ष' हे शब्द छापलेले पाहिल्यापासून त्याने रामिरोला दोनदा कोशिंबीर वाढली होती.

मधोमध निखाऱ्यावर भाजलेला कोवळा बोकड होता. काळ्या पडद्यांमुळे भर दुपारी दिवे लावावे लागले होते आणि मयत स्वतः मांडीचा मोठा तुकडा कापून घेत होते.

"पोलादवाला पूर्ण पान देईल," अन्सेल्मो म्हणाले. "त्याच्या बापाच्या वेळी मी अर्धं दिलं होतं, ते त्याला खुपलंय. मला लाजवायला पूर्ण देईल."

"कामगारही देतील, पप्पा," ओफेलिया म्हणाली. "'कामगारांचे पिता' असं लिहिलंय ना वहिनीने."

"कामगार कसले देतायत! पण रडतील. चोन मेस्त्री नक्की रडेल. एकोणतीस वर्षं काढलीत माझ्याकडे."

एफ्राइनने मान डोलावली. एकोणतीस वर्षांत चोन मेस्त्री दर नाताळाला एकच मागणी घेऊन यायचा, तीही त्याला आठवली. शहरातल्या सगळ्या मोठ्या कारखान्यांत शनिवारी एक वाजता सुटायचं. बेर्लांगांच्या एनॅमल कारखान्यात सहा वाजता. आणि मालकांचं उत्तरही दर नाताळाला तेच असायचं, हसत हसत, सगळ्यांसमोर: "मी मेल्यावर घ्या अर्धी सुट्टी!"

आणि त्याच क्षणी भोंगा झाला.

कारखाना घरापासून चार गल्ल्यांवर होता. भोंगा सहाचा असता तर कोणी मान वर केली नसती. पण भिंतीवरच्या घड्याळात बरोबर एक वाजला होता.

सगळ्यांच्या काटे-सुऱ्या जागच्या जागी थांबल्या. भोंगा लांबलचक, निवांत वाजला, जणू वाजवणारा मजा घेत होता.

"हे काय?" अन्सेल्मो म्हणाले.

तोमासाआत्याला आधी कळलं. तिचे खांदे हलू लागले. रुमाल तोंडाला लावून ती हसत होती, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"तूच सांगितलं होतंस, सेल्मो," ती कशीबशी म्हणाली. "शब्दाला जागले बिचारे."

*

तासाभराने चोन मेस्त्री व्हरांड्याच्या पायऱ्यांशी उभा होता. मागे चाळीसेक माणसं, अंघोळ करून, केस चोपून, डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन. पुढे दोघांनी पांढऱ्या फुलांचं चक्र धरलं होतं. बायकाही होत्या, पोरंही होती. काहींच्या हातात टोपल्या होत्या आणि टोपल्यांतून बियरच्या बाटल्यांची तोंडं दिसत होती. इथून ही मंडळी थेट नदीवर जाणार हे रामिरोला पाहताक्षणीच कळलं.

"जा," वडील म्हणाले होते. "दुःखात आहोत म्हण. सोमवारी बोलू म्हण. काही कबूल करू नकोस."

वडील आता व्हरांड्यालगतच्या खिडकीच्या बंद झडपेआड उभे होते. रामिरोपासून तीन हातांवर. झडपेच्या फटींतून त्यांच्या चिरूटाचा धूर संथपणे बाहेर येत होता. चोन मेस्त्रीने त्या धुराकडे पाहिलं. मग रामिरोकडे पाहिलं. मग टोपी छातीशी धरून, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात तो झडपेच्या दिशेने बोलू लागला.

"धाकटे मालक, फार मोठा माणूस गेला! असा माणूस पुन्हा होणे नाही!"

"हो," रामिरो म्हणाला. "आभारी आहोत."

"शब्दाचा पक्का होता! दिलेला शब्द कधी फिरवला नाही! फिरवला असता तर आम्ही काय म्हटलं असतं, मालक? म्हटलं असतं, हा कसला बेर्लांगा!"

झडपेआड कोणीतरी खाकरलं. चोनने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

"आता त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून," तो म्हणाला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला, "आम्ही हे लिहून आणलंय. शनिवार, एक वाजेपर्यंत, पूर्ण पगारी, कायमचा. पेपरात वाचलं, नवे अध्यक्ष तुम्ही. तर सही तुमची."

रामिरोने कागद घेतला. चारच ओळी होत्या, शाळामास्तराकडून लिहून घेतलेल्या. कारखान्यात त्याला तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत त्याने बरंच काही लिहिलं होतं, पण खाली सही नेहमी वडिलांची.

ठक्.

झडपेआड फरशीवर काठी आपटली. हा आवाज रामिरोला चांगला माहीत होता. बैठकांमध्ये तो काही बोलायला तोंड उघडायचा, की टेबलाखाली ही काठी वाजायची आणि त्याचं वाक्य तिथेच मरायचं. बँकेच्या माणसांपुढे, परदेशी पाहुण्यांपुढे, एकदा तर त्याच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात.

"सोमवारी..." त्याने सुरुवात केली.

ठक्, असं पुन्हा झालं. म्हणजे 'सोमवारी'सुद्धा नको.

चक्र धरलेल्या दोघांपैकी एकाने भार दुसऱ्या हातावर घेतला. त्या हाताला तीन बोटं होती. रामिरोला तो माणूस आठवला, दाबयंत्रावरचा, आणि त्या दिवशी आपण वडिलांना काय सांगायला गेलो होतो आणि काय न सांगता परत आलो होतो, तेही आठवलं. तो अपघात शनिवारी झाला होता, संध्याकाळी पाचला.

"पेन आहे?" त्याने विचारलं.

चोनने आधी एक खिसा चाचपला, मग दुसरा. ही वेळ येईल असं त्यालाही वाटलं नसावं. त्याने पेन पुढे केलं.

ठक्!

तिसरा ठोका असा बसला, की खिडकीची काच वाजली. एक बाई घाबरून छातीवर क्रूस काढू लागली. म्हातारा आता दार उघडून बाहेर येणार, असं रामिरोला वाटलं. त्याने वाट पाहिली. खरंच पाहिली. पूर्ण एक श्वास. दार उघडलं असतं तर त्याने पेन परत दिलं असतं, हे त्याला मनोमन ठाऊक होतं.

पण दार उघडलं असतं तर उद्याच्या अंकात पोलादवाल्याचं पान आलं नसतं.

रामिरोने चोनच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली.

*

त्यानंतर दिवाणखान्यात जे झालं ते शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. मेलेल्या माणसाचा आवाज असा चढलेला त्या गल्लीने पूर्वी ऐकला नव्हता.

"फाडून टाक तो कागद! त्याला काही किंमत नाही! अध्यक्ष मी आहे!"

एफ्राइन उठून उभा राहिला. बायकोकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं आणि आयुष्यातली सगळ्यात झटपट निवड केली.

"कायद्याने तसं नाही, पप्पा. मार्चमध्ये ऑपरेशनच्या आधी तुम्ही रामिरोभाऊंना पूर्ण अधिकार लिहून दिले होते. ते परत घ्यायला नोटरीकडे जा, असं मी तुम्हाला एप्रिलपासून सांगतोय. तुम्ही म्हणालात, नोटरी लुटारू आहे."

"रामिरो*भाऊ*?" ओफेलिया म्हणाली. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा खाली बसला. पण पुढचं वाक्य तिचंच होतं आणि ते ऐकून एल्विरासुद्धा चकित झाली. "तरी पप्पा, त्या पानावर माझं नाव यायचा हक्क मी सोडणार नाही. पण सही झालीय ती झालीय. दादा, तू हे कधी शिकलास?"

रामिरोने खांदे उडवले. त्याचे हात खिशात होते. कुठे ठेवावेत ते त्यांना सापडलं होतं.

अन्सेल्मो वर गेले. दाराला कडी लावली. रात्रीचं जेवण खोलीत मागवलं.

*

रविवारी सकाळी तोमासा सगळ्यांच्या आधी उठली, सवयीने. पेपर फाटकातच गाठून तिने उभ्याउभ्या पूर्ण चाळला आणि मग तो घडी घालून भावाच्या ताटाशेजारी ठेवला. घरच्यांना सकाळीच यायला सांगितलं होतं. सगळे बसले होते, कोणी खात नव्हतं.

अन्सेल्मोंनी पान उलटलं. दुसरं, तिसरं. सातव्यावर साबणाची जाहिरात होती. ते शेवटापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून आले.

काही नव्हतं. काचवाला नाही, पोलादवाला नाही. बियरवाल्याचं पाव पानही नाही, दोन ओळीही नाहीत.

"स्वयंपाकीण," एल्विरा हळूच म्हणाली. "काल चारला ती खाटकाकडे बोकडाची मुंडी आणायला गेली होती. त्याने विचारलं, कोणासाठी? ही म्हणाली, मालकांसाठी, दुसरं कोण खातं? पाचपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं."

म्हणजे शनिवारी पाच वाजल्यापासून सगळं मोंतेरेय पडद्यांआडच्या अन्सेल्मोंना हसत होतं. त्यासाठी कोणाला एक सेंटाव्होही खर्चावा लागला नव्हता. या शहराला दोन्ही गोष्टी सारख्याच आवडतात.

फक्त शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, पाच ओळी होत्या. हरभऱ्याचे व्यापारी अन्सेल्मो बेर्लांगा यांना पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या चार मित्रांकडून. 'तुझी खुर्ची रिकामी ठेवली आहे.' तोमासाने पाहिलं, भाऊ ते वाचतोय. पाच ओळींना लागतो त्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागला.

मग त्याने पेपर बाजूला सारला. एका रात्रीत तो थोडा बारीक झाल्यासारखा वाटत होता. तिला वाटलं, आता हा काहीतरी खरं बोलेल. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

"रामिरो," अन्सेल्मो म्हणाले, "कारखान्याच्या फाटकावर पाटी लाव. 'संस्थापकांच्या इच्छेनुसार शनिवारी अर्धा दिवस सुट्टी.' निळ्यावर पांढरी अक्षरं. मोठी."

बोलला तो रामिरो.

"इच्छेनुसार? पप्पा, तुम्ही तीनदा काठी आपटलीत."

"मग?" म्हाताऱ्याने ताठ मानेने मुलाकडे पाहिलं. "एकदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे हो. तीस वर्षांत एवढंही कळलं नाही तुला?"

तोमासा हसली नाही. तिने भाच्याकडे पाहिलं. काल सकाळचा रामिरो असता तर डोंगर पाहू लागला असता.

"लावतो," रामिरो म्हणाला. "पण खाली सही माझी. आणि रंग कोणाचा, तेही लिहितो."

अन्सेल्मोंचा हात टेबलाखाली गेला.

काठी ते वर खोलीतच विसरले होते.